मालकाच्या गाडीत जाड तेल

मंगळ. ३ जून २००८, मंगफ, कुवेत
वही परत काढली. मागची नोंद बहरीनची, तीही अर्धवट. असो.

आज गॅरेजात कफीलची, म्हणजे मालकाची, स्वतःची गाडी सर्व्हिसला. अमेरिकन, चार दरवाजे, व्ही-एट, जोर सगळा मागच्या चाकांना. दिसायला आमदाराची, पळायला रेसची. बाबलकाका, म्हणजे आमचे इंजिनवाले, सतरा वर्षं इथे, त्यांनी मला दहा मिनिटं नुसतं बघायला लावलं. लांब सरळ रस्त्याला हिची आठातली चार सिलिंडरं आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचवायला. पाय दाबला की परत चालू. "तेंका झोपयता नि उठयता कोण? तेलाचो दाब. म्हणान तेल पातळ व्हया. झाकणार लिवलेला आसा, वाच मेल्या."

वाचलं. फाइव्ह-डब्ल्यू-ट्वेंटी. ते संपलेलं. समोरच्या ओळीतल्या दुकानातून आणायला निघालो. वाटेत एका पिकअपमध्ये उंट बसवलेला, गुडघे बांधून, ड्रायव्हर गायब. उंट माझ्याकडे बघतोय, मी उंटाकडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दुकानाला पोचलो तर दुपारचं शटर खाली, चारला उघडणार. गाडी तीनला न्यायची. ड्रममधलं ट्वेंटी-फिफ्टी घातलं. उन्हाळ्यात सगळ्या गाड्यांना तेच घालतो. ह्या उन्हात पाण्यासारखं तेल कसलं टिकतंय, जाड तेच बरं, असं वाटलं. थोडं वाटलं, थोडं वाटवून घेतलं.

बा.का.: "खंय मरान पडलं होतंस? घातलंस तेल?"
"घातलं."
जॉब कार्डावर त्यांनी सही ठोकली. माझी सही चालत नाही.

गुरु. ५ जून
बा.का.ना अहमदीच्या वर्कशॉपातून नोकरीचं पत्र! तिथे एसी शेड, आणि मुख्य म्हणजे बायकोला आणता येतं. काकी आजवर कुवेतला आलेली नाही. दोन वर्षांतून महिनाभर हे कुडाळला जातात, तेवढाच संसार. अट एकच, आमच्या कफीलने रिलीजवर, म्हणजे सोडल्याच्या कागदावर, सही करायची, ३१ जुलैच्या आत. कफील तोंडी हो म्हणाला आहे. बा.का.नी मिक्सर आणलाय. खोक्यासकट खाटेखाली. रूमवरच्या सगळ्यांना दाखवून झाला. मला दोनदा.

शनि. २१ जून
गाडी टो होऊन आली.
चालू केली तर टकटकटक, शिवणयंत्रासारखं. डॅशबोर्डला इंजिनचा दिवा. कफील स्वतः आला होता. "मकिना खर्बान!", इंजिन बिघडवलं म्हणे. मग कार्ड मागवलं. सही कुणाची? बाबल. "मुख माफी!", म्हणजे डोकं नाही तुला. सतरा वर्षांच्या माणसाला, सगळ्यांदेखत. बा.का. टोपी हातात घेऊन उभे. फोरमन सलीमभाई जमिनीकडे बघत. मी चार पावलांवर होतो. हातात पाना होता, तो पुसत राहिलो.

सोम. २३ जून
आज चेंबरचा नट काढून तेल उतरवलं. धार जाड. बा.का.नी दोन बोटांत धरलं, चोळलं. वास घेतला. परत चोळलं. माझ्याकडे बघितलं असावं, मी वर बघितलं नाही. हात पुसले, म्हणाले, "हेड खोलूचा लागतला."
एवढंच. त्यांना कळलं का? कळलं तर शिव्या कशा नाही दिल्या?

शुक्र. २७ जून
सुट्टी. चालत फिंतासपर्यंत गेलो. समुद्र कोमट, वाफ मारतो. एका बाकावर दोन पोरं मराठीतून भांडत होती, आई सांगतेय "हळू बोला", तर इंग्रजीत उत्तर. ऐकत बसलो. परत येताना आठवलं की मी विचार करायला आलो होतो.

आयटीआय दुसऱ्या वर्षी सोडली. वास्कोचं गॅरेज सोडलं. बहरीन सोडलं. प्रत्येक वेळी काहीतरी बिघडलं की मी पुढच्या गावात. इथून कसा जाणार? पासपोर्ट कफीलच्या कपाटात. खरं सांगितलं तर मात्र तोच काढून हातात देईल आणि विमानात बसवेल. परत घरी. आई विचारणार नाही काही, बाबा पेपर वाचत राहतील. तो पेपरच नको वाटतो.

मंगळ. १ जुलै
सलीमभाई ऑफिसातून आले. "बाबलभाई, साहब बोला, रिलीज माकू." माकू म्हणजे नाही. इथे आल्यावर पहिला शिकलेला शब्द.
बा.का.: "कित्याक?"
"गाडी का गुस्सा है. बोला, जिसने मेरा इंजन मारा उसको मैं अहमदी में आराम करने भेजूँ?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आवाज आला तो, "पाणी पिऊन येतो." गेलो आणि पाणी प्यायलो. तीन ग्लास.

शनि. ५ जुलै
दोन्ही हेड उतरले. टॅपेट, म्हणजे झडपा उचलणारे खुंट, बाहेर काढले. एकाचा रोलर अडकलेला, फिरतच नाही, आणि त्याच्याखालचा कॅमचा उंचवटा घासून सपाट. बा.का.नी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. "लागता हाताक?" लागलं. दात हिरडीतून तुटल्यावर जीभ लागते तसं.
"जाड तेल ह्येच्या बारीक भोकातसून येळार जायत नाय. अर्धो झोपता, अर्धो जागो. मग मरता. समाजलंस, दिनेश?"

दिनेश!! दोन वर्षांत पहिल्यांदा. मी मेल्या असतो, भोपळ्या असतो, चांगलं काम झालं तर झिला, म्हणजे पोरा. दिनेश तर बतागावर, इथल्या ओळखपत्रावर, लिहिलेलं नाव. जेवताना परत, "दिनेश, भात घी."

बुध. ९ जुलै
पार्ट विमानाने यायचेत. हेड नसलेली गाडी उघडीच, वर चादर. मयतासारखी. बा.का. रोज सकाळी चादर उचलून बघतात, धूळ गेली का. रूमवर बोलत नाहीत. काकीचा फोन आला तर म्हणाले, "कागद चाललेहत." मिक्सरचं खोकं तसंच. रूमवरच्या अन्वरने त्यावर बॅग ठेवली होती, ती मी काढली. एवढंच जमतं मला.

रवि. १३ जुलै
पार्ट आले. नवा कॅम, सोळा टॅपेट, हेडचे बोल्ट सुद्धा नवे, जुने परत वापरायचे नाहीत म्हणे. बा.का. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, नंबराप्रमाणे, मधून कडेला. मला आकडे वाचायला बसवलं. लक्ष दुसरीकडे जाऊ दिलं नाही, माझं मीच. असं आयुष्यात फार थोड्या वेळा झालंय. तेल आणायला मीच गेलो. पाच-वीस. डबे छातीशी धरून आलो, रस्त्यात कुणाकडे बघितलं नाही.

बुध. १६ जुलै
चालू झाली. पहिल्या फटक्याला. टकटक नाही, काही नाही. फहाहीलच्या हायवेवर घेतली, मी बाजूला, मशीन लावून. ऐंशीला सरळ पाय ठेवला आणि मशीनवर चार सिलिंडरं बंद. गाडीला कळलंसुद्धा नाही. पाय दाबला, आठ. मागची चाकं जराशी सरकली. बा.का. हसले. मी महिन्यानंतर त्यांचे दात बघितले.

संध्याकाळी कफीलने नेली. "खोश मकिना, बाबल!", झकास इंजिन म्हणे. खांद्यावर थाप.
उद्या सलीमभाईंना सांगतो. नक्की. गाडी बरी झाली आहे, राग उतरलाय, मी गेलो तर जाऊ दे, रिलीज तर मिळेल.

गुरु. १७ जुलै
सांगितलं. आठ वाजून पाच मिनिटांनी, शटर वर जायच्या आत. "सलीमभाई, वो ड्रम का तेल मैंने डाला था. काका को मालूम नहीं था."
ते चहा ढवळत राहिले. "हाँ. तो?"
"तो साहब को बोलो. काका का रिलीज…"
"अरे बावले. कल ही पूछा मैंने. साहब बोला, ऐसा इंजन बनाने वाला आदमी पूरे कुवैत में माकू, मैं इसको अहमदी को क्यों दूँ?"

आधी इंजिन मारलं म्हणून नाही. आता जिवंत केलं म्हणून नाही. माझी कबुली हातातच राहिली, दुकान बंद झाल्यावर पोचल्यासारखी. सलीमभाईंनी चहा संपवला. "जा, ब्रेक वाली गाडी खड़ी है." मला कुणी काढलंही नाही.

काकांना सलीमभाईंनीच सांगितलं. मी गाडीखाली होतो. नुसते बूट दिसले.

शुक्र. १८ जुलै
सकाळी बा.का.नी कागद पुढे टाकला. "तुका इंग्रजी येता. अर्ज लिव. उद्या मंदूबाकडे दिऊया, तो कफीलाचे कागद बघता. आजून तेरा दिवस आसत."
माझं इंग्रजी! बरं. लिहायला बसलो. ते खाटेवर बसून कांदा चिरत सांगत होते.
"लिव, सतरा वर्सां काम केलंय. लिव, बायलेक एकदा हाडूची आसा. लिव, माझ्या हातान एक पण गाडी बिघडूक नाय."
पेन थांबलं. "काका… आणि ही?"
"ही माझ्या हातान खंय बिघडली?"
सुरी चालूच. वर बघितलं नाही. मीही नाही.
"लिवलंस?"
लिहिलं. स्पेलिंग देवाला माहीत. त्यांनी सही केली, अगदी तळाला, कागद संपतो तिथे. मधे चार बोटं जागा राहिली. म्हणाले, "मोकळी ठेवू नको, रेघ मार."
होय म्हटलं. रेघ अजून मारलेली नाही. तेल कुणी घातलं, एवढं त्या चार बोटांत मावेल. काका आंघोळीला गेलेत. पेन हातात आहे.