मनीमाजऱ्यातला समुद्र

मनीमाजरा, चंदीगड
६ सप्टेंबर

ती. शशिकलाताईंना मीनाक्षीचा वाकून नमस्कार.

त्या सकाळी वॉशिंग मशीन शेवटच्या फेरीत थडथडत होतं (त्याचा पुढचा एक पाय आखूड आहे, त्याखाली यांनी सारलेली पुठ्ठ्याची घडी अजून तिथेच आहे), दूध वर येऊ पाहत होतं आणि मी पोळ्या लाटत होते. हे हॉलमध्ये स्टुलावर बसून माझ्या ताकाच्या रवीने बादलीत समुद्र तयार करत होते. म्हणजे गाळलेल्या पाण्यात ते परदेशी मीठ विरघळवत होते. रोजची सकाळ होती, लक्षात ठेवावी असं तिच्यात काही नव्हतं. मग हाक आली, "मीनाक्षी, ये गं, बघ कसं उघडलंय." मी म्हटलं, "आले," आणि गेले नाही. तव्यावर पोळी होती. मध्येच दूध उतू गेलं, तिकडे धावले आणि पोळी तरीही करपली. त्यानंतर अकरा दिवसांनी हे गेले.

ताई, पत्र असं सुरू करत नाहीत हे मला कळतं. आधी तुमच्या गुडघ्याची विचारपूस, मग देवगडच्या पावसाची, मग कलमांची. तर गुडघा कसा आहे? तेल चोळता की बाटली नुसती खिडकीत उन्हाला ठेवता? मी ठीक आहे. साखर काबूत आहे, चष्म्याचा नंबर वाढला. मधुरिमा बंगळुरात खुशाल आहे. फोनवर मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते आणि तरी आमचं भांडण अगदी व्यवस्थित होतं.

सध्याचं भांडण तुमच्या भावाच्या टाकीवरून आहे. तुम्ही आला होतात तेव्हा ती बघून म्हणाला होतात, "अच्युता, समुद्र टाकून हजारो मैलांवर नोकरी केलीस आणि म्हातारपणी तोच विकत घेतलास होय रे?" हे हसले होते. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बारीक बारीक उपकरणांचे काटे जुळवले, निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि मनीमाजऱ्यातल्या या दोन खोल्यांत चार फुटांचा समुद्र आला. त्यात दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एक प्रवाळ. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे. हे मऊ असतं, अळंबीच्या आकाराचं. दिवा लागला की अर्ध्या तासात त्याच्यावर शेकडो बारीक बोटं उमलतात. बंगळुरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून यांनी ते नखाएवढं आणलं होतं (पावतीसकट; तुमचा भाऊ बिनपावतीची कोथिंबीरही आणायचा नाही) आणि सहा वर्षांत माझ्या तळव्याएवढं केलं.

हे गेल्यावर ती टाकी माझ्याकडे आली. मी मॅट्रिक. त्यापुढचं जे काही आलं ते पुड्यांचे कागद आणि यांची पुस्तकं वाचून. समुद्राच्या टाकीवरचं यांचं जाड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज तीन पानं वाचलं. त्यात शेवाळावर अख्खा एक धडा आहे. सार इतकंच की पाण्यात खाणं जास्त झालं की शेवाळ माजतं. हे सार मी पहिल्याच महिन्यात वाचलं होतं. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

शेवाळ आलं तेव्हा मला आधी आनंदच झाला. दगडांवर हिरवी लव धरली होती. मी तुम्हाला फोनवर म्हटलंसुद्धा, टाकीत हिरवळ आली, घर शोकातून उठतंय. महिन्याभरात त्या लवेचे केस झाले, केसांच्या बटा झाल्या आणि मासे झुडपात लपलेल्या नवरानवरीसारखे दिसू लागले. मी यांचा जुना टूथब्रश घेऊन दगड घासले. घासलेले केस पाण्यात तरंगले आणि त्यांनी दुसऱ्या दगडांवर संसार थाटले. मग काच खरवडायला लागले. खरवडणं मला नवीन नाही. तुमचा भाऊ शास्त्रज्ञ असला तरी वडिलांची रीत त्याने सोडली नाही. ताटाभोवती पाणी फिरवून पाच शितांची चित्राहुती घातल्याशिवाय घास उचलला नाही. पाटावर बसणाऱ्याचं ठीक आहे, आमच्याकडे डायनिंग टेबल. सनमायकावर वाळलेली ती शितं मी अडतीस वर्षं नखाने खरवडली आणि अडतीस वर्षं पुटपुटले. एकदा तर म्हटलं, देवाला पोचतात की नाही ठाऊक नाही, माझ्या नखांत मात्र रोज पोचतात. दुसऱ्या दिवशी हे ताटाखाली वर्तमानपत्र अंथरून बसले. ते आठवलं की अजून हात थांबतो.

असो. पुस्तकात लिहिलं होतं की टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा, शेवाळ उपासमारीने मरतं. मी यांची काळी घोंगडी टाकीवर चारी बाजूंनी गुंडाळली. संध्याकाळी शेजारच्या सूदबाई कढीची वाटी परत द्यायला आल्या. हॉलमध्ये घोंगडी पांघरलेलं ते काहीतरी बघून त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली, नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी घोंगडीसमोर दोन केळी ठेवून गेल्या. मी खुलासा करायला हवा होता. पण आता मध्येच सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल असं वाटलं, आणि केळी चांगली होती. चौथ्या दिवशी घोंगडी काढली. शेवाळ जरा फिकट झालं होतं. मग एकादशी सुटल्यासारखं ते जे जेवलं ते पंधरवड्यात दुप्पट झालं.

शेवटी मी इथल्या बाजारातल्या कुलवंतसिंगजींच्या दुकानात गेले. माणूस साठीचा, दाढी पांढरी, सगळा धंदा गोल्डफिशचा आणि वास्तूसाठी लागणाऱ्या मोठ्या माशांचा. खाऱ्या पाण्याची गिऱ्हाइकं त्यांनी जन्मात दोनच पाहिली, त्यातले एक हे. मी विचारलं, पाण्यात तुरटी फिरवू का? त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "भैनजी, समुंदर है, घड़ा नहीं." आणि मला शेवाळ खाणाऱ्या दहा समुद्री गोगलगायी दिल्या.

ताई, गोगलगायीचं दुःख तुम्हाला सांगते. ती काचेवरून खाली पडली आणि उताणी पडली की तिला स्वतःहून सुलटं होता येत नाही. तशीच पडून मरते, आणि मेली की पाणी आणखी बिघडतं. त्यामुळे रोज सकाळी चहाच्या आधी मी लांब दांड्याचं उलथनं घेऊन टाकीत हात घालते आणि रात्रभरात पडलेल्या सगळ्यांना पायांवर उभं करते, म्हणजे त्यांना जे काय असेल त्यावर. दहापैकी सात जगल्या. खातात, पण सावकाश, फाइल पुढे सरकावी तसं. (यांच्यासमोर मी सरकारी नोकरीवर असा विनोद केला नसता.)

गेल्या आठवड्यात कुलवंतसिंगजी पाणी तपासायला घरी आले. त्यांनी बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. फिकट निळं व्हायला हवं होतं, ते शाईसारखं झालं. त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवली.

"भैनजी, सच दस्सो. इनको खिला क्या रहे हो?"

"बस दाना. दिन में एक बार, चुटकी भर."

"चुटकी किसदी? आपकी या मेरी?" असं म्हणून त्यांनी आपली केळ्यासारखी दोन बोटं दाखवली.

मी माझी दाखवली. त्यांनी मान हलवली, नळी टाकीत सोडली आणि दगडाखालचा गाळ ओढायला लागले. बादलीत गाळाबरोबर फुगलेली पिवळी शितं आली. चार, पाच, मग मूठभर. टाकीत, ताई. समुद्रात. "ये चावल है?" त्यांनी विचारलं. मी वाकून नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच तांदूळ पाहतेय. म्हटलं, "लगता तो है." नेमकी तेव्हा सूदबाईंची चार वर्षांची नात इरा दारात उभी होती. मासे बघायला ती रोज यायची आणि हातात नेहमी काहीतरी खायचं असायचं. कुलवंतसिंगजींनी तिच्याकडे पाहिलं, हसले, म्हणाले, "मिल गया चोर." मी गप्प राहिले. त्या दिवसापासून सूदबाई इराला आमच्याकडे पाठवत नाहीत. काल जिन्यात भेटली तर म्हणाली, "दादी, मैंने नहीं डाला." मी म्हटलं, "हाँ बेटा," आणि वर आले.

प्रवाळाची अवस्था वाईट आहे. तळव्याएवढं होतं, ते आक्रसून रुपयाएवढं झालंय, कडेने शेवाळाने वेढलंय, आणि दहा दिवसांत एकदाही उघडलं नाही. कुलवंतसिंगजी म्हणतात की मूळ अजून जिवंत आहे. आठवड्याला तीन बादल्या पाणी बदला, दाणा एक दिवसाआड, बाकी काही म्हणजे काही टाकू नका, मग कदाचित उठेल. मधुरिमा म्हणते, "मम्मी, दिवाली तक ठीक नहीं हुआ तो टंकी निकाल देंगे, पक्का." तिचंही चुकत नाही. तिला वाटतं आई दिवसभर एका काचेच्या पेटीची धुणीभांडी करत बसली आहे. पण यांनी हाताने वाढवलेलं, अजून जीव असलेलं या घरात ते एकच उरलंय. दुसरी मधुरिमा, आणि ती बंगळुरात आहे.

आता आवरतं घेते. पाऊस ओसरला की कलमांचं कळवा. बंदरावर एकट्या जाऊ नका, गेलात तर काठी न्या. लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमची,
मीनाक्षी

ता. क. : वर लक्षात ठेवा म्हटलं ते वाक्य आठवतंय ना? तेराव्यानंतर तुम्ही फोन केलात आणि बोलता बोलता म्हणालात, "अच्युताच्या ताटाची चित्राहुती बंद पडली गं." तुम्ही सहज म्हणालात. पण मला रात्रंदिवस ते टेबल रिकामं दिसायला लागलं. बायकांनी चित्राहुती घालायची रीत नाही. मग मी दुसरी वाट काढली. दुपारी पान वाढलं की वरणभाताची पाच शितं, वर तुपाचा थेंब, आधी यांच्या टाकीत टाकायची आणि मग जेवायला बसायचं. मासे तुपाचा वास घेऊन दूर जायचे. मला वाटायचं, हळूहळू खातील. असं चौदा महिने चाललं. पुस्तकातलं ते सार मला पाठ होतं. तरी रोज दुपारी मी स्वतःला समजावायचे की पाच शितं म्हणजे काही खाणं नव्हे. तेव्हा वर अंधाराचं, ब्रशचं, गोगलगायींचं जे एवढं लिहिलंय, त्यात शेवाळाचा दोष कुठेच नाही. एका हाताने मी त्याला वाढत होते आणि दुसऱ्या हाताने घासत होते. यांच्या हयातीत जी शितं खरवडताना कुरकुर केली, तीच आता न टाकता मला जेवण जात नाही. तुमचाही यात दोष नाही. तुम्ही बोलला नसतात तरी मी काहीतरी टाकलंच असतं.

ता. क. २ : खरं काम हे आहे. सोबत कागदाच्या पुडीत पाच शितं उन्हात वाळवून पाठवते आहे. हसू नका. यांच्याच कुकरमधली आहेत. गुडघा बरा असेल त्या दिवशी बंदरावर जाऊन तेवढी समुद्रात सोडा. आणि पुढे रोज तुमच्या ताटातली पाच शितं यांच्या नावाने काढून ठेवाल का? रोज बंदरावर जमणार नाही, कुणी जाणारं असलं तर त्याच्या हाती द्या. तुमचा समुद्र मोठा आहे ताई. एवढ्याने त्याला शेवाळ धरणार नाही.

ता. क. ३ : काल पाकीट बंद करायचं राहिलं, म्हणून हे आज, सात तारखेला लिहिते आहे. सकाळी गोगलगायी उभ्या केल्या. सूदबाईंकडे जाऊन तांदूळ मी टाकत होते हे सांगितलं. घोंगडीचंही सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग केळ्यांवरून खूप हसल्या. इराला हाताला धरून घेऊन आले. टाकीचा दिवा लागला तेव्हा तव्यावर पोळी होती. मी गॅस बंद केला, दोन खुर्च्या ओढल्या आणि आम्ही दोघी टाकीसमोर बसलो.