जाहिरातीतलं हसू

बुधवार, दुपार

भिंगरे,

खुशाली मागून. आधी मला सांग, कोणाचं हसू कोणाच्या नावावर लावायचं हे ठरवायला तुला कोणी सांगितलं? मला एका शब्दाने विचारलंस? म्हातारी जिवंत आहे अजून.

खालच्या मजल्यावरची नर्स परवा फोन घेऊन वर आली. "आजी, तुमच्या नातीचा कार्यक्रम! जुन्या रेडिओवरच्या जाहिराती! ऐका तरी." ऐकल्या. दंतमंजन झालं, टॉर्चचे सेल झाले, मग तुझे आजोबा आले. जाऊन सोळा वर्षं झाली, आवाज अजून इस्त्री केलेला. "एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री, आठ दिवसांत घर हसू लागेल!" लगेच ते लहान मूल खळखळून हसलं. आणि त्यावर तुझा बाप सांगतोय, "ते हसणारं बाळ म्हणजे मी." साठीचा घोडा, आणि म्हणे बाळ.

नर्सचे डोळे भरून आले. "किती निरागस काळ होता ना, आजी!" मी म्हटलं, "बाई, तू औषधं देतेस ना लोकांना? निदान तू तरी असं बोलू नकोस." तिला काही कळलं नाही. चहा अर्धा टाकून गेली.

आता खुशाली. गुडघे आहेत तिथेच आहेत. कवळी सैल झाली आहे, त्यामुळे भांडताना त्रास होतो, म्हणून लिहिते.

आजोबांच्या आवाजाबद्दल चार ओळी पाठव म्हणालीस. घे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या ओळी आहेत, वाकड्या येतील.

दर गुरुवारी रेडिओवर एक मालिका असायची, तिच्या मधोमध ही टॉनिकची जाहिरात. ती करताना लहान मूल हवं होतं. म्हणून मी मुलगी घेऊन गेले. हो, मुलगी. वाक्य परत वाचू नकोस, पुढे चल.

तिला आम्ही खार म्हणायचो. सतत काहीतरी कुरतडत असायची. अडीच वर्षांची होती. काचेच्या खोलीत नेल्यावर तोंड शिवल्यासारखी गप्प. साहेब लोक घामाघूम. शेवटी मी टेबलाखाली शिरून तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. नीट कान देऊन ऐक, हसण्याच्या आधी ठक्क असं वाजतं. ते माझं डोकं टेबलाला आपटलं. तुझा बाप तेव्हा पोटात होता, पाचवा महिना. पोटातून कोणी हसत नाही.

आजोबांनी कागद धरून वाचलं. औषधाची बाटली त्यांनी तोवर पाहिलीही नव्हती. समोर नुसता पाण्याचा पेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एवढं लक्षात ठेव.

तीन महिन्यांनी खारीला ताप आला. कंपनीने दिलेल्या सहा बाटल्या घरात होत्या. एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "दवाखान्यात दाखवू या ना." मी फाडकन म्हटलं, "आठ दिवस लागतात असं तुम्हीच सांगता ना रेडिओवर? मग तीन दिवसांत धीर कसला सुटतो?" त्यांनी चमचा धुऊन माझ्या हातात दिला.

घरात त्या माणसाचं मी कधी ऐकलं नाही. छत्री ने म्हणाले तर मुद्दाम भिजत जायची. पण तेच पेटीतून बोलले की मला खरं वाटायचं. वाचताना पाहिलं होतं, तरी.

पाचव्या दिवशी नेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायची होती. आठवा दिवस आलाच नाही.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आई पोटुशी होती म्हणून जाता आलं नाही, असलं काही तुझ्या बापाने मनाला लावून घेऊ नये. मला चालता येत होतं.

जाहिरात पुढे सहा वर्षं लागत राहिली. गुरुवारी तेवढ्या वेळापुरती मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. तुझा बाप बोलायला लागल्यावर एकदा मी नळ बंद करून बाहेर येताच त्याने विचारलं, "ते कोण हसत होतं?" माझं तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "तूच की रे." तोवर आम्ही बिऱ्हाड बदललं होतं, नव्या शेजाऱ्यांना काय माहीत. पोर खूश झालं. मग ते तसंच राहिलं. त्या माणसाने उभ्या जन्मात मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं.

तिचा फोटो नाही. काढू काढू म्हणता राहिला. दोन श्वासांचं हसू तेवढं उरलंय, तेही बाटली खपवायला हसलेलं. म्हणून ती जाहिरात पुसू नकोस. लोकांना गहिवरायचं तर गहिवरू देत. पुढच्या वेळी फक्त एवढं सांग, की हसते ती तुझ्या बापाची थोरली बहीण, आणि ठक्क वाजतं ते त्यांच्या आईचं डोकं.

हे पत्र घडी घालून बापाच्या हातात दे. तो वाचेल तेव्हा समोर उभी राहू नकोस. त्याला चष्मा पुसायला वेळ लागेल.

तुझी आजी,
त्या दोघांची आई

ता. क. उत्तर त्यानेच लिहायचं. तू नाही, तुझी आई तर नाहीच. फोन करायचा नाही, आवाजावर माझा विश्वास राहिलेला नाही. रागात असला तर रागातच लिही म्हणावं, पण स्वतःच्या हाताने.