एका घरात दोन तेलं

माय,

गुरुवार होता, पौषातला, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. वेळ पक्की आठवते, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी धुळ्याहून आलेल्या माझ्या सरांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. शिंदखेड्याजवळच्या आपल्या घरी, ओसरीवर सर खुर्चीत बसलेत, मांडीवर वही आहे, आणि तू पदराला हात पुसत उभी आहेस. मी नोकरीला होते त्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत तुझ्या आणि काकूच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल दर खेपेला सारखंच उतरत होतं, जेवढं तुझं तेवढंच तिचं. सर मला म्हणाले होते, "तुमचीच तपासणी चुकते आहे." मी तीनदा करून बघितली. शेवटी ते स्वतः आले.

तुम्हा दोघींना मीच सरांच्या त्या तेलाच्या अभ्यासात घातलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, तुला लाल झाकणाचा डबा आला, काकूला पांढऱ्या झाकणाचा. एका डब्यातल्या तेलात वनस्पतींतलं स्टेरॉल जास्तीचं मिसळलेलं, दुसऱ्यात साधं तेल. मी तुला समजावलं होतं की हे स्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलसारखंच असतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं आतड्यात आधी जागा धरतं, मग कोलेस्टेरॉलला आत शिरायला जागा उरत नाही, ते तसंच बाहेर जातं. तू लगेच म्हणालीस, "मंग तुन्या काकूसाठेबी जागा धर ना!" मी हसले. तिथंच कान टवकारायला हवे होते.

सरांनी विचारलं आणि तू जराही न चाचरता सांगितलंस, "दोन्ही डबा एकच बरणीमा ओती दिन्हात. एक घरमा दोन तेल? घर शे हाई, खानावळ नही." काकू दाराआड उभी होती. काका जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर वेगळं तेल पडलं असतं, तर तिला वेगळं काढलं असंच गावानं म्हटलं असतं, आणि तिनंही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी नन्सच्या शाळेत शिकलेली, सरांसमोर नाक कापलं गेलेलं. तुला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, "सर, ती अडाणी आहे, माफ करा." सरांनी वहीत आपल्या घराच्या नावावर काट मारली. तू आत जाऊन चहा ठेवलास.

आता ऐक. मी निवृत्त, जळगावात राहते, जीभ तशीच आहे. रावेरकडच्या गावांत पुन्हा असाच अभ्यास निघालाय आणि जुनी जाणती म्हणून कागद सहीसाठी माझ्याकडे पाठवलेत. त्यात काय लिहिलंय? प्रत्येक बाईनं फक्त आपल्याच डब्यातलं तेल वापरावं. इतकी वर्षं गेली आणि हे तिथंच! मी फोन केला. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "मॅडम, बायकांना आम्ही नीट समजावून सांगणार आहोत." मी म्हटलं, "बायकांना समजतंच, डॉक्टर. तुम्हाला कोण समजावणार?"

म्हणून त्यांना पत्र लिहिलंय. डबे बाईला नाही, चुलीला द्या. चिठ्ठ्या घरांच्या टाका, म्हणजे एका घरात एकच तेल शिजेल आणि एका घराची दुसऱ्या घराशी तुलना होईल. नाहीतर पुन्हा कुणाची तरी माय अडाणी ठरेल आणि तुमचे आकडे खोटे ठरतील. हे बदलेपर्यंत मी सही करणार नाही, आणि रावेरच्या बायकांना का करत नाही ते घरोघरी जाऊन सांगेन.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. डॉक्टरांचं मात्र उद्या सकाळी जाईल. एकच सांगायचं राहिलं. त्यात तुझं उदाहरण दिलंय, पण 'सहभागी महिला' असं लिहिलं. या वयातही हात अडला. आता ते खोडून 'माझी आई' लिहिते, आणि त्याखाली: लेखी उत्तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं.