घरची म्हैस आहे, डॉक्टर

आई, तुझ्या पायांना काय झाले होते ते मला गेल्या महिन्यात कळले. तुला जाऊन बत्तीस वर्षे झाली. आता ते कळून कुणाचेच काही भले होणार नाही, हे मला समजते. तरीही ज्या प्रश्नाचे उत्तर आपण दोघांनी इतके दिवस शोधले, ते सापडल्यावर तुला न कळवणे अपुरे वाटते, म्हणून लिहायला बसलो. मी आता छप्पन्न वर्षांचा आहे. तू गेलीस तेव्हा तुझे जे वय होते, त्याहून दहा वर्षांनी मोठा.

सुरुवात कधी झाली हे मला नेमके सांगता येते, कारण त्या दिवशी मी बांधावर उभा होतो. बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सुरू व्हायचे होते आणि मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. लावणी चालू आहे. खाचरात सात-आठ बायका ओळीने वाकलेल्या आहेत आणि त्यांच्यात तू आहेस. तू पाऊल उचलतेस आणि ते भलतीकडेच पडते. दुसऱ्यांदा चिखलात बसतेस तेव्हा शेजारची बाई ओरडते, "काय गं, सकाळीच घेतलीस का काय?" तू बसल्या जागेवरून उत्तर देतेस, "व्हय, तुज्याच दाल्ल्याच्या बाटलीतली. लई कडू हाय बया, कसा संसार करतीस?" साऱ्याजणी खिदळतात. मीही हसलो. संध्याकाळी घरी पोचल्यावर पाहिले, तर तुझ्या उजव्या पायात चप्पल नव्हती, आणि ती वाटेत कुठे निसटली हे तुला कळलेच नव्हते.

त्यानंतर एकेक गोष्ट वाढत गेली. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली. साध्या वरणानेही ती पोळायची. तोंड धुताना डोळे मिटलेस की तोल जायचा, म्हणून तू एक हात भिंतीला लावून दुसऱ्या हाताने तोंड धुवायला शिकलीस. मी विचारले की म्हणायचीस, "भाताच्या तुसावरनं चालल्यागत वाटतंय रं. खाली भुई हाय का न्हाई, ते डोळ्यानं बघावं लागतंय." बाजाराच्या गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. चुलतीने रुईची पाने बांधून शेक दिला. देवऋषाने शिवारातली बाधा सांगितली आणि लिंबू उतरवून दिले. तू गोळ्याही घेतल्यास, शेकही घेतलास आणि लिंबू ओलांडायचे तेही ओलांडलेस, कारण कुणाचे मन मोडायचे तुला कधी जमले नाही. गुण कशाचाच आला नाही.

मी पदवीधर झालो, पुण्यात एका कचेरीत तात्पुरता कारकून म्हणून लागलो, आणि ठरवले की हा प्रश्न पद्धतशीरपणे सोडवायचा. पुण्यातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ मिळवली. त्यांच्यासाठी फुलस्केप कागदावर समास सोडून तुझ्या तक्रारींची यादी केली: अकरा मुद्दे, प्रत्येकापुढे तक्रार कधी सुरू झाली, कशाने वाढते, कशाने कमी होते. आपण सकाळच्या एस.टी.ने निघालो. तू नवे लुगडे नेसली होतीस आणि पौड सोडल्यापासून माझा दंड धरून बसली होतीस. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, मी. "उत्तम लिहिलंय. माझे विद्यार्थीसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत." त्या वाक्याने मला किती आनंद झाला, हे आजही आठवते आणि लाज वाटते.

मग त्यांनी तुला तपासले, टाचणीने पाय टोचून पाहिले, आणि खुर्चीत मागे टेकून तुलाच विचारले, "बाई, जेवणात काय काय असतं? मांस-मच्छी?" बाबा गेल्यावर तू माळ घातली होतीस, ती दाखवत तू मान हलवलीस. "बरं. मग दूध, दही, ताक?" तू तोंड उघडलेस आणि माझ्याकडे पाहिलेस. मी तुझ्या आधी बोललो. "घरची म्हैस आहे, डॉक्टर. दुधदुभत्याला काही कमी नाही."

त्यांनी मान डोलावली आणि तो विषय संपला. पाठीच्या कण्याचे फोटो काढायला सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि सहा महिन्यांनी यायला सांगितले. स्टँडवर गाडीची वाट पाहताना तू माझ्या हातावर हात ठेवलास. "लई चांगलं बोललास रं," म्हणालीस. मला वाटले, तू यादीचे कौतुक करते आहेस.

पुढची दोन वर्षे मी इथे सविस्तर लिहीत नाही. आधी काठी, मग भिंत, मग अंथरूण. शेवटी मी उशाशी बसलो की तू माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहायचीस आणि आदराने म्हणायचीस, "तुमी कुटनं आलासा?" तू गेलीस, आणि त्यानंतर चार महिन्यांनी मला नोकरीत कायम केल्याचे पत्र मिळाले. मी पेढे घेऊन गावी गेलो. चुलतीने पुडा हातात घेतला आणि ती उंबऱ्यावरच बसून रडू लागली. "आज सुटली असती रं तुजी आय," ती म्हणाली. "तू शिकाया भायेर पडलास तवा गावदेवीला बोलली हुती. पोरगं नोकरीत कायम हुईस्तवर दूध, दही, ताक कशाला तोंड लावायची न्हाई. आन् ज्याच्यासाटी बोलायचं त्याला सांगायचं नसतं." तेव्हा मला स्टँडवरच्या तुझ्या शब्दांचा अर्थ लागला. मी तुझा नवस सांभाळला, अशी तुझी समजूत होती.

तरीही नवस आणि पाय यांचा काही संबंध असेल असे माझ्या मनात आले नाही. आले ते गेल्या महिन्यात. मी भूगावला राहतो, जिथे एस.टी. थांबली की दोन्ही बाजूंना नुसती शेते दिसायची, तिथेच चौथ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. दिवाळीपासून माझ्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. एक दिवस घरातली फरशी पायाला लागेनाशी झाली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो, कारण हे वर्णन मी तुझ्या तोंडून ऐकलेले होते. खालच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. माझ्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे एक जीवनसत्त्व शरीरात नीट शोषले जात नव्हते, बी-ट्वेल्व्ह. त्या म्हणाल्या, "काका, हे भाजीपाल्यात नसतं. मांस-मासे-अंडी, नाहीतर दूधदुभतं. दोन्ही बंद केलं की साठा संपायला तीन-चार वर्षं लागतात, मग नसांवर परिणाम होतो. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी बरं होतं." मी मनात वर्षे मोजली. अकरावी, बारावी, बी.कॉम.ची पहिली दोन वर्षे, आणि मग ते खाचर. चार इंजेक्शने झाल्यावर मला फरशीचा गारवा पुन्हा जाणवू लागला. त्या दिवशी मी चप्पल न घालता घरभर फिरलो.

पुण्यातल्या त्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला होता, आई. उत्तर तुझ्याकडे होते आणि तू तोंडही उघडले होतेस. कदाचित तू नवसाचे बोलली नसतीस, पण "न्हाई घेत" एवढे दोन शब्द पुरले असते. बायकोला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला कुठे ठाऊक होतं की त्या दूध घेत नाहीत? जे माहीत नव्हतं त्याचा दोष कशाला घेता?" मी तिचे म्हणणे मान्य केले.

हे पत्र कुठेही टाकायचे नाही. म्हणूनच निदान त्यात तरी चुकीचे विधान राहू नये. नवस मला ठाऊक नव्हता, हे खरे आहे. पण त्या वर्षीच्या गणपतीच्या सुट्टीत, आपण पुण्याला जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मी तुझ्यासमोर जेवायला बसलो होतो. तू माझ्या भातावर ताक वाढलेस आणि स्वतःची भाकरी मिठाच्या पाण्यात कुस्करलीस. मी विचारले, "तू नाही घेत?" तू म्हणालीस, "मला नगं. तू जेव." डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा ती कुस्करलेली भाकरी माझ्या डोळ्यांसमोर होती. घरात म्हैस असून या लोकांनी आईला कोरडे ठेवले, असे त्या सुशिक्षित माणसाला वाटू नये, म्हणून मी असे वाक्य निवडले ज्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि त्या दुपारी, तू "तू जेव" म्हणाल्यावर, मी काही विचारले नाही. मी आणखी ताक मागितले.