मामांच्या वर्कशॉपसाठी घडीची घोडी

३ मार्च, दुपार

आजपासून रोजनिशी. कारण एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी आणि कुणालाही सांगायची नाही.

मामा पडले. उजवं मनगट. लाकूड कापायच्या घोडीवर त्यांनी फळी ठेवली, फळीवर गुडघा दाबला, करवत लावली आणि घोडीचा एक पाय बाजूला सरकला. घोडी माझ्या जन्माआधीची. सगळा भार एका पाचरीवर. ती पाचर जागेवर नव्हती.

पाचर मी काढली होती. काल. दवाखान्याबाहेरच्या बाकाचा पाय डुगडुगायचा, आणि त्या बाकावर बेगिमाय दुपारी डबा खाते. बेगिमाय म्हणजे तिथली नर्स. बाकी काय म्हणजे ते इथे लिहीत नाही. पाचर तिथे तंतोतंत बसली. घोडीसाठी नवी तासायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी बाकाकडे बघण्यात घालवली.

मामा जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, पाचर ठोकायची राहिली वाटतं माझी. मी सांगायला तोंड उघडलं. मामी म्हणाली, आ वासून उभा काय राहतोस, गाडी आण कुणाची तरी. मी गाडी आणली. म्हणजे प्रयत्न केला होता, एवढं नोंदवून ठेवतो.

४ मार्च

दवाखाना. प्लॅस्टर बेगिमायने घातलं. तिने विचारलं, आजोबा, कसं झालं? मामा म्हणाले, वय झालं पोरी, चाळीस वर्षं रोज सकाळी पाचर ठोकतो, काल विसरलो. तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताला ओल आहे.

निघताना ती म्हणाली, पाय काढा जरा. मी बादलीच्या वाटेत उभा होतो. पण 'जरा' म्हणाली. नुसतं 'पाय काढा'सुद्धा म्हणता आलं असतं.

६ मार्च, सकाळी ७

निश्चय. माफी मागणं हा कमकुवत माणसांचा मार्ग. मी नुकसान भरून काढणार. मामांसाठी नवी घोडी डिझाइन करणार: घडी होणारी, एका हाताने उचलता येणारी, पाचरीशिवाय. ती दिली की मग सहज सांगून टाकेन, अरे हो मामा, त्या जुन्या पाचरीचं असं झालं होतं. दोघं हसू.

बिश्केकच्या पॉलिटेक्निकमध्ये अडीच सेमिस्टर काढली आहेत मी. तिसऱ्याच्या मध्यात ड्रॉइंगच्या सरांनी माझ्या आराखड्याला 'कल्पनाविलास' म्हटलं, म्हणून तो त्यांच्या टेबलावर फाडून निघून आलो. नंतर कळलं, फाडलेला दुसऱ्याचाच होता. पण तत्त्व कायम आहे.

स्पेसिफिकेशन: उंची गुडघ्याइतकी. वजन एका मेंढराहून कमी. भार दोन माणसांचा. उघडायला तीन सेकंद.

तत्त्व: आमच्या युर्तीची, म्हणजे घडी करून नेता येणाऱ्या गोल तंबूची, भिंत. लाकडी पट्ट्यांची तिरकी जाळी, चामड्याच्या वाद्यांनी जोडलेली, ओढली की पसरते, ढकलली की मिटते. मामा आयुष्यभर युर्ती बांधतात आणि कापायला मात्र खिळेठोक जड घोडी. हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं कसं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

८ मार्च

महिला दिन. बेगिमायसाठी तीन ट्युलिप आणले. दवाखान्यात रांग होती. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आत डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, खोकला. फुलं बाहेर झाडणाऱ्या बाईंना दिली. त्या रडायलाच लागल्या. आता मी रस्त्यात दिसलो की मुका घेतात.

९ मार्च

लाकूड घेतलं. चार काठ्या. मामांनी गावातल्या ओर्मोन आजोबांनी सांगितलेल्या युर्तीसाठी छपराच्या पासष्ट काठ्या करून ठेवल्यात; वाळलेली विलो, वाफेवर वाकवलेली. त्यातल्याच चार. दुसरं लाकूड ओलं होतं, आणि ओल्या लाकडावर मी माझं नाव लावणार नाही.

आमच्यात भाच्याने आजोळचं काही उचललं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. हक्क आहे. पूर्वी भाचे मामाचे घोडे न्यायचे. मी चार काठ्या नेल्या. मग दुपारचा चहा घशाखाली का उतरेना? बहुतेक खोकलाच झाला.

११ मार्च, दुपारी

मामांनी डाव्या हाताने काठ्या मोजल्या. एकसष्ट. परत मोजल्या. मामीला बोलावलं. तिच्याही एकसष्ट. मामा म्हणाले, पासष्ट केल्या असं मला का वाटत होतं? मामी म्हणाली, अहो, एकसष्टच केल्या असतील. मामा म्हणाले, पासष्ट लिहिलंय मी दारावर खडूने. जाऊन बघितलं. दारावर काहीच नव्हतं.

खडूवर काल माझा कोट घासला गेला. मुद्दाम नाही. म्हणजे पहिल्यांदा घासला तेव्हा मुद्दाम नव्हता.

मामा बाकड्यावर बसून राहिले. आधी पाचर, आता हे, म्हणाले. मी म्हटलं, मामा, अशी छोटी चूक कुणाचीही होते. माझा आवाज फार प्रेमळ निघाला. मामी म्हणाली, बघा, पोराला किती काळजी आहे तुमची.

घोडी लवकर पूर्ण व्हायला हवी.

१३ मार्च

मॉडेल एक तयार. परसातल्या गोठ्यात काम केलं. काठ्यांचे आठ तुकडे, गिरमिटाने भोकं, जोडांना चामड्याची वादी. वादी मामांनी बादलीत भिजत घातली होती, तिथून घेतली. ओली असताना गाठ मारली की वाळल्यावर घट्ट बसते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी शक्य तितकी घट्ट मारली. घोडी अप्रतिम उघडत होती, मिटत होती. शेवटी मिटवून चुलीजवळ वाळायला ठेवली.

बेगिमायचं नाव खालच्या पट्टीवर आतून कोरलं. कुणाला दिसणार नाही.

१४ मार्च

मॉडेल एक उघडत नाही. वादी वाळून आक्रसली आणि घोडी मिटलेलीच राहिली. मी ओढली. गुडघा लावून ओढली. भिंतीवर आपटली. भिंतीचा पोपडा पडला. मामीने विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, मी. खरंच मीही पडलो होतो.

तिकडे मामा बादलीत हात घालून वादी शोधत होते. मामीला म्हणाले, झुरा, मी वादी भिजवली होती की नुसतं मनात आणलं होतं? मामी म्हणाली, मनातच आणलं असेल हो. इतक्या हळू म्हणाली की मला तिचाच राग आला. काय म्हणून लगेच मान्य करायचं? नवऱ्यावर काही विश्वास?

नंतर लक्षात आलं की राग चुकीच्या माणसाचा आहे. पण तोवर मी ताटावरून उठलो होतो आणि परत बसणं बरं दिसलं नसतं.

१६ मार्च, दुपारी

मामीने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मीठ. साखर. चहा. मामांना दिसावं म्हणून मोठ्या अक्षरात. मामांनी साखरेची चिठ्ठी वाचली, डबा उघडून चव घेतली, आणि मग चहात घातली.

बेगिमाय हात बघायला घरी आली. मी शर्ट बदलला. मामीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग तिने मामांना प्रश्न विचारले: वर्ष कोणतं, महिना कोणता, शंभरातून सात सात वजा करा. मामांनी पार दोनपर्यंत वजाबाकी केली. ती म्हणाली, आजोबा, माझ्यापेक्षा बरं डोकं आहे तुमचं. मामा म्हणाले, आकडे राहतात पोरी, कामच पळतं हातून.

मी मध्ये पडून म्हटलं, मलाही विचारा. तिने विचारलं, आज कोणता वार? मला आला नाही.

१८ मार्च

मॉडेल दोन. वाद्या पुन्हा भिजवून सैल केल्या. आता घोडी उघडते, सुरेख उघडते. प्रात्यक्षिकाचा दिवस. योजना: घोडी दाखवायची, कौतुक ऐकायचं, त्याच दमात पाचर, काठ्या, वादी, खडू सगळं सांगून टाकायचं. चार वाक्यं पाठ केली होती.

मामा, मामी आणि ओर्मोन आजोबा जमले. ओर्मोन आजोबा युर्त कुठवर आली ते बघायला आले होते. घोडी उभी केली. वर फळी ठेवली. मी हात सोडला.

घोडी पडली नाही, हे स्पष्ट करतो. ती बसली. चारी पाय हळूहळू पसरत, मोठ्या माणसांसमोर बसावं तशी मान राखून, पार जमिनीला टेकेपर्यंत. मी उचलून उभी केली. पुन्हा बसली. ओर्मोन आजोबा म्हणाले, दमली असेल बिचारी.

मामांनी डाव्या हाताने तिला हलकेच मिटवलं, उघडलं. म्हणाले, जाळी आपण होऊन कधी उभी राहते का रे? युर्तीच्या भिंतीलाही भोवतीने पट्टा बांधतो ना आपण. पोटाला पट्टा नाही बांधलास हिच्या. मग काठीवरून बोट फिरवत म्हणाले, लाकूड छान निवडलंस. माझ्या काठ्यांसारखंच आहे. मी नेमकं असंच वाकवतो. मग थांबले. म्हणाले, वाकवायचो.

त्या 'वाकवायचो'नंतर चार वाक्यांपैकी एकही आठवेना.

मामी आता घोडीवर कुरुत, म्हणजे दह्याचे गोळे, वाळत घालते. जमिनीला टेकलेलीच बरी म्हणते, मांजराला उडी मारावी लागत नाही.

१९ मार्च

पट्टा बांधला तर मॉडेल तीन चालेल. पण पट्टा मामांच्या पेटीत आहे. मी पेटीला हात लावला नाही. पहिल्यांदाच. याची नोंद असावी.

२० मार्च, सकाळी

मामांनी ठरवलं. उद्या नूरुझला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळे जमतील तेव्हा सांगणार: युर्ती बंद. ओर्मोन आजोबांनी दुसरा कारागीर बघावा. वर्कशॉप आणि लाकूड तासायचा त्यांचा वाकस माझ्या हाती. मामी म्हणाली, कुबातच्या? मामा म्हणाले, मग कुणाच्या, मी पडल्यापासून पोरगा गोठ्यात राबतोय, झोप नाही, जेवण नाही, ताटावरून उठतो.

मला त्यांच्याकडे बघवेना. वर्कशॉप मिळालं तर बेगिमायच्या वडिलांसमोर उभं राहता येईल, हाही विचार आला. तो विचार कुठून आला ते मला माहीत नाही. मी बोलावला नव्हता.

उद्या सकाळी, कुणी यायच्या आत, मामांना एकांतात सांगणार. नक्की.

२१ मार्च

सकाळी सांगितलं नाही. मामा दाढी करत होते. एका हाताने. मी आरसा धरला.

दुपारी अंगण भरलं. कढईतलं सुमोलोक, गव्हाच्या अंकुरांची खीर, वाट्यांत वाढलं. बेगिमाय चमचा चाटत होती. मामा उठले, वाकस माझ्या मांडीवर ठेवला आणि आशीर्वादासाठी तळवे वर केले. सगळ्यांनी वर केले. मामा म्हणाले, माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, पण या पोराचं मन सोन्याचं आहे, याच्या हातात माझं…

मी म्हटलं, थांबा.

आमच्यात मोठ्यांचा आशीर्वाद अर्ध्यावर तोडणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी सांगितलं. पाचर मी काढली, काठ्या मी घेतल्या, खडू मी पुसला, वादी मी नेली. एका श्वासात. कपाळावरचा घाम सुमोलोकमध्ये पडला.

मग मामांचे डोळे भरले. म्हणाले, बघा, माझ्या म्हातारपणाची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय. ओर्मोन आजोबांनी टोपीने डोळे पुसले. मामीने माझ्या ताटात आणखी तळलेले बोरसोक टाकले. मी ओरडलो की खरं सांगतोय. मामी म्हणाली, खा आधी.

तेव्हा बेगिमाय म्हणाली, पाचर म्हणजे बाकाखालची का? ती यांनीच ठोकली. खिडकीतून दिसलं मला. मला वाटलं, आरोग्य खात्याने शेवटी सुतार पाठवला. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, तुमचं नाव काय?

मामांचे तळवे अजून वरच होते. त्यांनी विचारलं, काठ्या? मी म्हटलं, मी. दारावरचा खडू? मी. वादी? मी. प्रत्येक 'मी'ला मामा जरा ताठ होत गेले. शेवटी म्हणाले, भाच्याने आजोळची काठी नेली तर चोरी नाही, कबूल. पण तू माझं डोकं नेलंस. अठरा दिवस नेलंस. मामी साखरेची चिठ्ठी लावत होती ते बघत होतास.

मी हो म्हटलं.

मामांनी आशीर्वाद पूर्ण केला, कारण वर केलेले तळवे रिकामे खाली आणत नाहीत. म्हणाले, याला अक्कल येवो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सर्वात मनापासून मामीने. मग मामांनी माझ्या मांडीवरून वाकस उचलला आणि ओर्मोन आजोबांना म्हणाले, युर्त मेमध्ये मिळेल.

२२ मार्च, संध्याकाळ

नव्या चार काठ्या करायच्या. घोडी नाही. मामा म्हणाले, बस खाली. मी गुडघ्यांवर बसलो. म्हणाले, हात पुढे. काठी माझ्या दोन्ही हातांवर आडवी आली. मामांनी डाव्या हाताने करवत लावली. डावा हात त्यांचा सरळ चालत नाही. मी हललो नाही. हलायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

मामी दारातून म्हणाली, ही घोडी बरी आहे हो, जेवायला स्वतः चालत येते.

तीन काठ्या झाल्या, चौथी घेतली. अर्ध्यात करवत थांबवून मामांनी बाकीच्या सगळ्या मोजायला घेतल्या. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चौसष्ट. पुन्हा मोजल्या. चौसष्ट. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मामा, आईशपथ, मी घेतली नाही.

ते बघतच राहिले. मग मीही खाली बघितलं. पासष्टावी माझ्याच हातात होती.