न्यायची राहिलेली सायकल

ता. ३ ऑक्टोबर

ती. आजीस,
खारीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस, म्हणून पत्र. काकू वाचून दाखवेल, म्हणजे मधल्या ओळी गाळेल. गाळू नकोस गं काकू.

नोकरी बरी आहे. रोज सकाळी टेकडीवरच्या चार टाक्यांची पाण्याची पातळी लिहून आणायची. रस्ता खडीचा आणि चढाचा. पायी गेलं की अर्धा दिवस मोडतो आणि साहेबांचं तोंड वाकडं होतं. म्हणून डोंगरात चालणारी सायकल घ्यायची ठरवलीय. जास्तीत जास्त दीड पगार.

दुकानात एक नवी होती, दणके झेलायला पुढे शॉक, मागे शॉक, रंग असा की नजर हटेना. मी भुलले. तर दुकानाचे मिस्त्रीकाकाच म्हणाले, या भावात दोन शॉक म्हणजे दोन्ही कुचकामी, चढावर डोलेल आणि वजनाने जीव काढेल. पहिलीच सायकल आहे तर हार्डटेल घे म्हणाले, म्हणजे पुढे एकच चांगला शॉक आणि मागची बाजू ताठ. माझ्या पैशांत नवी हार्डटेल मिळते, पण तिचे ब्रेक तारेचे.

कोपऱ्यात एक जुनी आहे. हलकी फ्रेम, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. एका बाईंनी ती ब्रेकचे पॅड बदलायला टाकली, संध्याकाळी नेते म्हणाल्या आणि जुन्या दगडखाणीकडे पायी फिरायला गेल्या. त्या परत आल्या नाहीत. पोलिसांनी खाण पालथी घातली, काही मिळालं नाही. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. तीन वर्षं मिस्त्रीकाकांनी ती पुसून ठेवली, आता विकायला तयार झालेत.

फोटो पाठवतेय. घेऊ का? माया आहे तेवढी राहू दे, काकूला त्यातली देऊ नकोस.

तुझी लाडकी,
खार


ता. ९ ऑक्टोबर

चि. खारीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. काकूने दोनदा वाचलं, एकदा मला आणि एकदा स्वतःला. ‘लाडकी’ या शब्दावर ती फणकारली, हेही मी तिलाच लिहायला लावतेय. अक्षर बिघडलं तर समजून घे.

मला अक्षर कळत नाही, पण झीज कळते. तुझ्या आजोबांच्या चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात मी पन्नास वर्षं बसले. चपलेचा तळवा बघून माणूस सांगायचे. एक मास्तर लंगडत यायचे आणि दया दाखवा म्हणून पैसे कमी करून घ्यायचे. त्यांचे दोन्ही तळवे सारखे झिजलेले मी त्यांच्यासमोर धरले, त्या दिवसापासून ते सरळ चालू लागले.

तुझे फोटो भिंगाखाली धरले. तुझी ती बाई ठेंगणी, सीट अगदी खाली आणलीय. डावा पाय बाहेरच्या कडेवर टाकणारी, कारण डाव्या पायडलचे दाते त्याच बाजूला झिजलेत. ब्रेकच्या दांडीचा रंग एका बोटापुरता उडालाय. म्हणजे बाई सावध. अशी बाई आपली वस्तू टाकून जात नाही, एवढंच मला खटकतं.

सायकल घे. वस्तू चांगली आहे. पण आमच्या दुकानाचा नियम पाळ. गिऱ्हाईक न्यायला आलं नाही तर तो जोड दुसऱ्याला द्यायचा, मात्र तळवा उपटून नवा ठोकल्यावरच. का, ते तुझ्या आजोबांनी सांगितलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. मी न विचारलेला एवढा एकच प्रश्न. तेव्हा जिथे जिथे अंग टेकतं ते सगळं बदल: सीट, मुठी, पायडलं. विसरायचं नाही.

तुझा काका म्हणतो हेल्मेटही घे. त्याचं डोकं आयुष्यात पहिल्यांदा चाललंय, ऐक त्याचं. लोभ आहेच, तो काही झिजत नाही.

आजी


ता. २८ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सायकल घेतली! हेल्मेट घेतलं, सीट आणि मुठी बदलल्या. पायडलं तेवढी ठेवली. जुनी पायडलं लोखंडी आहेत, बुटाला घट्ट धरतात, आणि माझ्याकडे उरलेल्या पैशांत फार तर प्लास्टिकची आली असती. रागावू नकोस.

चढ आता गाणं म्हणत चढते. फक्त एक गंमत कळत नाही. शेवटच्या टाकीपासून ऑफिस अर्ध्या तासावर. मी नऊला निघते आणि पोचते तेव्हा बारा वाजलेले असतात. मधलं काही आठवत नाही, कानात वारा तेवढा आठवतो. चाकांना पांढरी माती असते. टाक्यांच्या वाटेवर सगळी लाल माती आहे. पांढरी फक्त खाणीकडे.

नवे बूट दोन आठवड्यांत झिजले, सोबत पाठवतेय. दुरुस्त करून दे आणि फुकट शेरेबाजी कर. माया राहू दे.

खार


ता. ५ नोव्हेंबर

चि. खारीस,
अ. उ. आ. वि. वि.

बूट मांडीवर घेऊन बसलेय. काकू म्हणाली, खडीवर बूट झिजणारच, त्यात काय बघायचं. मी तिला म्हटलं, तू लिही.

तू बदकासारखी आत पाय टाकतेस. लहानपणापासून तुझे बूट मी आतल्या बाजूनेच शिवत आले. हा डावा बाहेरून खाल्लाय. फोटोतलं पायडल जसं होतं, अगदी तसा. आणि दोन्ही चवड्यांवर आडवी पांढरी रेघ आहे. माणूस कडेला चवड्यांवर उभं राहून खाली वाकून बघतं, तेव्हा अशी रेघ पडते. एकदा बघून नाही पडत. रोज, त्याच जागी, बराच वेळ.

खार, तू खाणीच्या काठावर उभी राहतेस आणि तुला ते माहीत नाही.

आज चेष्टा नाही. पत्र मिळताच पायडलं काढ आणि टाक्यांवर पायी जा. साहेबांचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे, ते काही दुरुस्तीला माझ्याकडे येणार नाही. लगेच लिही. लोभ तर आहेच, धाकही असू दे.

आजी


ता. ११ नोव्हेंबर

आजीबाईंस,
सा. न. वि. वि.

बूट दुरुस्त होऊन मिळाले. आभारी आहे. पायडलं ठीक आहेत, काढण्याचं कारण नाही.

काठावरून एक वाट खाली उतरते. अरुंद आहे, पण सायकल जाईल. ब्रेक नीट धरत नव्हते म्हणून राहून गेलं होतं. आता धरतात. तीन वर्षं थांबले. येत्या रविवारी सकाळी उतरेन.

काळजी नसावी.

खार


ता. १३ नोव्हेंबर

अनोळखी बाईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र काका हातोहात घेऊन येतोय, रविवारच्या आधी. तो ते मोठ्याने वाचेल. आपण कुणाला वाचून दाखवतोय हे त्याला कळणार नाही. तुम्हाला कळेल.

काकू शपथेवर सांगते की अक्षर आमच्या खारीचं आहे. असेल. मी कागद पालथा घालून त्यावर बोट फिरवलं. आमची पोर लिहिते तेव्हा ओळीच्या सुरुवातीला कागद फाटायला येतो आणि शेवटाला नुसता ओरखडा उरतो, इतकी घाई. या कागदावर दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा. सावध. आणि तिने जन्मात मला आजीबाई म्हटलेलं नाही, थेरडे म्हटलंय. तुमचं पत्र यायच्या आधीपासून, चार दिवस काकू फोन लावतेय. वाजतो, कुणी उचलत नाही.

बाई, मी रागावले नाही. न्यायला कुणी न आलेले जोड फळीवर बघितले की मलाही वाईट वाटायचं. तुम्हाला ती वाट उतरायचीय आणि पाय नाहीत, एवढंच ना? पण ही बावीस वर्षांची आहे. तिच्या पायांना अजून खूप चालायचंय.

मी ऐंशीची. सायकल येत नाही, शिकवा. गुडघे कुरकुरतात, ते तुम्हाला चालवून घ्यावे लागतील. नाहीतरी माझं इथे काय अडलंय? काकाच्या पिशवीत माझ्या पायातला जोड आहे, तळवा न बदललेला. पायडलांवरून तिच्यात आलात तशा या जोडावरून माझ्यात या, तो घालून त्याच्यासोबत निघा. मग कुठेही उतरायचं असेल तिथे उतरू, दोघी मिळून.

काकू लिहिता लिहिता थांबली होती. मी तिला म्हटलं, रड नंतर, आधी शेवट लिही.

तिच्यावरचा लोभ सोडावा. माझ्यावर असावा, ही विनंती.

(डाव्या अंगठ्याचा ठसा)