पळीबाईच्या गाण्याचा अर्थ

२ ऑक्टोबर, सोमवार

किळस आली. दुसरा शब्दच नाही.

लमजद सकाळी उगवला तो राजधानीतल्या त्या बाईला घेऊनच. सेनदा तिचं नाव. विद्यापीठात नाटक शिकवते म्हणे. हेदीच्या खाटेपाशी उभी राहून म्हणते काय — "किती प्रतीकात्मक आहे हे! ज्यानं गाणं लिहिलं त्याचीच वाचा गेली!"

अगं बये, माझ्या भावाला अर्धांगवायू झालाय. प्रतीक नाही झालं!

तिला हेदीच्या नाटकातल्या पळीबाईच्या गाण्याचा अर्थ हवाय. महोत्सवाच्या पुस्तिकेत छापायचाय. दिग्दर्शक म्हणून लमजदलाही हवाय, कारण वीस तारखेला प्रयोग आणि शेवट अजून बसत नाही. त्याच्या मते पळी म्हणजे मातृभूमी. सेनदाच्या मते स्त्रीचं शरीर. मी चहा टाकायला उठले, परत येईपर्यंत पळीचा फाशीचा दोर झाला होता!

हेदी नुसता बघत होता. आता त्याच्याकडे एकच शब्द उरलाय — "नाही". भूक लागली तरी "नाही", मी उशी सरळ केली तरी "नाही". सेनदानं तोही टिपून घेतला.

३ ऑक्टोबर

नळाला पाणी नाही. कालच्या चादरी तशाच. खोलीत नाक धरून जावं लागतं.

५ ऑक्टोबर

संहिता पुन्हा वाचली. हेदीनं आजारपणाच्या आधी माझ्याकडेच टाईप करायला दिली होती, त्यामुळे पाठच आहे म्हणा. तरी वाचली. न जाणो, मीच मूर्ख असेन.

नाही. मी मूर्ख नाही.

नाटकातल्या शहरात पाणी सरकारचं. दुसऱ्याच्या दारात पाणी मागणं हा गुन्हा. एक म्हातारी लाकडी पळीला चिंध्यांचा झगा घालते, डोक्याला रुमाल बांधते आणि दारोदार गात फिरते —

*दारी आली पळीबाई*
*डोई तिची कोरडी,*
*ऊठ गं बाई घरधनिणी,*
*रिती कर घागर थोडी.*

तिला पकडतात. गाण्यांचा अर्थ लावणारं एक खातंच आहे तिथं. अंमलदार तिच्याभोवती गोल बसतात. एक म्हणतो हा बंडाचा इशारा, दुसरा म्हणतो प्रार्थना, तिसरा म्हणतो प्रेमगीत. त्यांचं भांडण रंगतं आणि मध्ये बसलेली म्हातारी हळूहळू आडवी होते. पडदा.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या या कैरवान शहरात जन्मलेल्या कुणालाही विचारा! पाऊस ओढ देतो तेव्हा पोरं अशीच पळी सजवून घरोघरी नेतात. घरातली बाई बाहेर येते, पळीच्या डोक्यावर पाणी ओतते. पळीबाईला कोरडं परतवायचं नसतं. तिला कुणी "तुझ्या गाण्याचा अर्थ काय" असं विचारत नाही! आमच्या गल्लीत पळी धरायचा मान हेदीचा असे. चिंब भिजून घरी यायचा आणि आईचा मार खायचा.

म्हातारीला तहान लागलीय. संपलं! गाणं म्हणजे पाणी द्या. आणि ते तिघे गाढव तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. लमजद आणि सेनदा म्हणजे तेच अंमलदार, पगार तेवढा वेगळा.

७ ऑक्टोबर, शनिवार

हेदी गायला!!

मी त्याच्या पाठीला पावडर लावत होते. एकदम सूर आला. वाटलं बाहेर रेडिओ. बघते तर हा! वाकड्या तोंडानं, पण स्वच्छ — "दारी आली पळीबाई…" सगळे शब्द! मी तिथंच जमिनीवर बसून रडले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "होतं असं. बोलणं जातं, पण पाठ असलेलं गाणं कधी कधी राहतं. खूप आशा ठेवू नका. आणि पाणी तसंच द्या हं — पावडर घालून घट्ट केलेलं, चमच्यानं. ठसका लागू देऊ नका."

आनंदाच्या भरात लमजदलाही कळवलं. माझीच जीभ झडो.

८ ऑक्टोबर

लमजद, सेनदा, शिवाय एक छायाचित्रकार. खाटेखालचं भांडं लपवायलाही वेळ दिला नाही. हेदी गायला, ते डोळे पुसत राहिले. सेनदा म्हणाली, "कळलं का तुम्हाला? तो प्रतिकार करतोय!"

जाताना लबलाबीचे, चण्यांच्या रश्श्याचे, दोन वाडगे ठेवून गेले. हेदीला चणे गिळता येत नाहीत हे त्यांना कोण सांगणार. मीच खाल्ले. त्यातली मिरचीची हरिसा जास्त झाली होती.

११ ऑक्टोबर

आता रोज गातो. दुपार कलली की सुरू होतं, संध्याकाळी वाढत जातं. आवाज घोगरा येतो, ओठ फुटलेत, तरी थांबत नाही. लोणी लावते ओठांना.

दुपारनंतर पाण्याचे चमचे मी कमी केलेत. करणार काय? रात्री चादर भिजली तर धुवायला नळाला टिपूस नसतो. काल मोरीत उभी राहून त्याच्या मुताच्या चादरी पिळताना मला माझ्या भावाची शिसारी आली. लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगू?

१४ ऑक्टोबर

शेजारची सालिहामावशी अंजीर घेऊन आली होती. हेदीचं गाणं चालूच. म्हणाली, "पोरी, हा किती वेळ गातोय गं?"

म्हटलं, "दुपारपासून. त्याच्या नाटकातलं आहे, मावशी."

"नाटकातलं कसलं? आपल्या गल्लीतलं आहे!" म्हणाली आणि ओढणीच्या टोकानं त्याचं तोंड पुसून गेली.

१५ ऑक्टोबर

लमजदशी कडाक्याचं भांडण. शेवट बदलतोय मेला! म्हातारीला फाशी, वर लाल दिवा, मागे ढोल.

"ताई, पाणी मागून मरणारी म्हातारी बघायला कोण येणार? ते तर लोक घरीच बघतात!"

"म्हणूनच लिहिलंय ना त्यानं!"

"पण काहीतरी मोठं निघायला हवं त्यातून."

मोठं! तहान काय लहान असते? मी त्याला हात धरून हेदीच्या खोलीत नेलं. हेदी गातच होता. म्हटलं, "ऐक. रोज तेच गाणं. तो सांगतोय, माझ्या शेवटाला हात लावू नका. तुला बहिऱ्याला ऐकू येत नाही, मला येतं!"

लमजद खाली बसला. हेदीच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "उस्ताद, कळलं. नाही बदलत."

जिंकले मी. हेदीनं माझ्याकडे बघून "नाही" म्हटलं आणि पुन्हा गायला लागला. त्याच्या "नाही"ला आता मी मनावर घेत नाही.

१९ ऑक्टोबर

उद्या त्याला प्रयोगाला नेणार. चाकाची खुर्ची मिळाली. मध्येच चादरीसारखं काही नको, म्हणून उद्या सकाळपासूनच पाणी बेतानं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

 सगळं लिहून काढते.

नाट्यगृह भरलेलं. आमची गल्ली उजवीकडे, राजधानीवाले पुढे. हेदीला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. म्हातारीचं काम करणारी अरवा पळी घेऊन गात गात खाली प्रेक्षकांत उतरली आणि हेदीपाशी आली. तिनं पळीबाई त्याच्या मांडीवर ठेवली. हे लमजदचं नवं डोकं! मला विचारलंही नव्हतं. हेदी गायला लागला. अरवा थांबली, सगळे उभे राहिले. सेनदा हुंदके देत होती. मीही देत होते — अभिमानानं!

तेवढ्यात सालिहामावशी रांगेतून वाट काढत आली. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि दारात पळी आल्यावर करतात तसं केलं. पळीच्या डोक्यावर ओतलं. पाणी उडून हेदीच्या हनुवटीवर, छातीवर.

हेदीनं जीभ बाहेर काढली. भिजलेली पळी चालत्या हातानं उचलून तोंडाला लावली आणि तिच्या रुमालातलं पाणी चोखायला लागला. तान्हं मूल चोखतं तसं. गाणं बंद!

मागून टाळ्या. लमजद माझ्या कानात म्हणाला, "ताई, काय अर्थ दिला बघा उस्तादांनी!"

मावशी तेवढी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "पोरी, तहानलाय गं तो."

दुपार कलली की. संध्याकाळी वाढत जातं. आवाज घोगरा, ओठ फुटलेले. सगळं मीच इथं लिहिलंय, माझ्या अक्षरात. गोल करून बसलेल्या अंमलदारांना हसत लिहिलंय! थू माझ्या शहाणपणावर.

२१ ऑक्टोबर

रात्री घट्ट पाणी करून चमच्या चमच्यानं पाजत राहिले, तो तोंड मिटेपर्यंत. चादर भिजली. भिजू दे.

सेनदाचा फोन आला होता — आज गातायत का?

नाही. आज गायला नाही.